साडूच्या गाडीचे बुश

पृथ्वीवरचे यच्चयावत रस्ते केवळ आपल्याला छळण्यासाठी बांधले आहेत, असं मनापासून मानणारा माणूस मी उभ्या वऱ्हाडात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. ते अमरावतीचे, मी अकोल्याचा. मधलं अंतर फार नाही, हीच माझी खरी अडचण. त्यांच्याकडे दोनच माणसं बसतील अशी एक म्हातारी स्पोर्ट्‌स कार आहे, संत्र्याच्या रंगाची. त्यांच्या संत्र्याच्या बागेचं बरं चाललं होतं तेव्हा नागपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. लग्नाच्या वाढदिवसाला साडू आणि आमच्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्या गाडीतून चिखलदऱ्याला जात. एकदाही चुकलं नाही. दोन वर्षांमागे ताईंच्या कंबरेचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी हिसके बंद म्हणून सांगितलं, आणि ताईंनी त्या गाडीवर पाणी सोडलं. "माह्या कंबरेत आता नटबोल्ट हायेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाडीतले ढिले झाले त माहे बी होतीन." झालं! त्या दिवसापासून गाडीतला हिसका न् हिसका काढायचा आणि ताईंना पुन्हा शेजारी बसवायचं, एवढं एकच काम या गृहस्थांना जगात उरलं.

सगळा दोष बुशचा, असा त्यांनी शोध लावला. बुश म्हणजे चाकाच्या सांध्यात लोखंडाला लोखंड भिडू नये म्हणून बसवलेलं रबराचं कडं. ते झिजलं की गाडी कट् कट् बोलायला लागते. हे ज्ञान झाल्यापासून साडूंचे कान कामातून गेले. कुणाच्या मंगलाष्टकात रस्त्यावरून टेम्पो गेला की हे अक्षता हातात धरून पुटपुटणार, "याचा मागचा डावा गेला." एका अंत्ययात्रेत तर त्यांनी हद्द केली. बिचारा मुलगा शववाहिनीत बसायला निघाला होता, आणि हे त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "बुश गेले या गाडीचे. तुमच्या बाबूजीले हिसके बसून राहिले ना!" मी चार पावलं मागे सरकलो. असल्या वेळी नातं सांगायची सोय राहत नाही.

गॅरेजवाल्यानं सांगितलं, बुश सुटे मिळत नाहीत, ते ज्यात बसतात तो अख्खा लोखंडी आर्मच बदला. साडू कडाडले, "दात दुखला त जबडा काढता काय तुमी?" आणि ते काम त्यांनी स्वतःच्या अंगणात आणलं. ताईंचा मोगरा उपटून तिथं विटांनी बांधलेला खड्डा केला, गाडी त्यावर आणून जॅकनं उचलली. कुठून कुठून बुश मागवले. थंडीनं ते अंमळ आकसतात आणि नीट बसतात म्हणून फ्रीजमध्ये ठेवले. मी उन्हातून येऊन बर्फ शोधायला डबा उघडला, तर आत मटारच्या दाण्यांशेजारी आठ काळी रबरी कडी! मी विचारलं, तर उलट माझ्यावरच डाफरले, "झाकन लावा पयले! गरम होऊन राहिले ते."

एवढ्यावर भागतं तरी मी गप्प बसलो असतो. पण परीक्षेला मी! दर रविवारी अकोल्याहून यायचं, ताईंच्या सीटवर बसायचं, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या धरायचा आणि चांदूर रेल्वेच्या रस्त्याला लागायचं. पाणी सांडलं की नापास. गाडी नापास होई आणि पँट माझी भिजे. पन्नाशी उलटलेला, बँकेत चारचौघांत मान असलेला माणूस मी, आणि भर बाजारात चहाच्या टपरीवर तसल्या पँटीनं उतरायचं? लोक पाहून राहिले म्हटलं, तर हे म्हणतात, "पाहू द्या. मांगच्यापेक्षा कमी सांडलं."

तीनदा बुश बदलले आणि तिन्ही वेळा महिना-दोन महिन्यांत ते फाटले. साडूंनी रस्त्याच्या ठेकेदाराला शिव्या घातल्या, रबराला घातल्या, सरकारला घातल्या. शेवटी मीच वैतागून अकोल्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारलं. तो हसायलाच लागला. "गाडी जॅकवर उचलून, चाकं लोंबती ठेवून बोल्ट आवळले असतीन त्यायनं. मंग गाडी खाली आली की रबर पिळते अन् फाटते. गाडी चाकावर उभी पायजे, बसनारे आत बसले पायजे, तवा आवळायचं." मी फोनवर हे सांगितलं. पलीकडून फोन बंद, आणि पुढचे तीन दिवस काही नाही. माझं काय चुकलं होतं, सांगा!

चौथ्या दिवशी फोन आला, "या."

मी मुकाट्यानं सीटकडे निघालो, तर मला अडवलं. "तुमी नाई. तुमचं वजन नाई चालनार." म्हणजे इतके रविवार मी उगाच भिजलो! गाडी आज चाकांवर उभी होती. ड्रायव्हरच्या जागी त्यांनी स्वतःच्या वजनाइतकी संत्र्याची क्रेटं रचली, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "ऐकतं का वं? बसतं का थोडं? गाडी हालनार नाई."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मोगऱ्याच्या जागेकडे. मेथीची जुडी आणि परात घेतली आणि येऊन बसल्या. साडू खड्ड्यात उतरले. मी बॅटरीचा उजेड धरून वाकलो. बोल्ट सगळे आठ.

"त्या वर्षी चिखलदऱ्याले केवढं धुकं होतं जी," ताई वरून म्हणाल्या. "तुमचा वायपर बंद पडला होता."

"बंद नोयता. हळू होता," खड्ड्यातून उत्तर आलं.

"मी हात बाहेर काढून काच पुसली."

"मंग? बरी पुसली."

आठवा बोल्ट आवळून झाला. मी स्वतः मोजले होते. साडूंनी पाना काढला, कपाळ पुसलं आणि तोच बोल्ट पुन्हा उगाच ठोकायला घेतला.

"झालं का जी?" ताईंनी विचारलं.

"नाई, एक राह्यला. बसून राय."

मी चिडून काही बोलणार होतो. माझी परतीची गाडी निघायला आली होती. मान वर केली, तर मेथी केव्हाच निवडून झाली होती. ताई परातीतल्या नुसत्या काड्या एकेक करून पुन्हा निवडत बसल्या होत्या.

मी बॅटरी तशीच धरून उभा राहिलो. गाडी चुकली.