जागा न पाहता केलेली सही

सावे सर कोणाच्याही घरी गेले की आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघायचे आणि मग माणसांकडे वळायचे. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही त्यांनी तेच केलं. चहा येईपर्यंत तीन भिंती वाजवून झाल्या. परतताना गाडीत म्हणाले, "मुलगा सालस आहे. पण न्हाणीमागची भिंत ओल धरतेय, तेवढं त्यांना कळवा." लग्न झालं आणि भिंतही दुरुस्त झाली.

मी डहाणूला त्यांच्या ऑफिसात अकरा वर्षं नकाशे काढले. सर मूळचे वरोरचे. मुंबईत आर्किटेक्ट होऊन हा माणूस परत का आला, हे कोडं त्यांच्या घरच्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. इथल्या आर्किटेक्ट-इंजिनियरांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या धंद्याला एक खोड होती. नकाशा कोणीतरी काढायचा आणि पदवीवाल्याने घरबसल्या त्यावर सही ठोकायची. सरांनी नियम केला. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात दोन ओळी आल्या: जागेवर गेल्याची तारीख आणि तिथे भेटलेल्या शेजाऱ्याचं नाव. "ज्याने जागा पाहिली नाही, त्याने पेन उघडू नये," हे त्यांचं पालुपद. एका सभासदाने आशागडच्या नकाशावर शेजारी म्हणून खुशाल आपल्या सासऱ्यांचं नाव टाकलं. सर आशागडला गेले, तर सासरे वारून चार वर्षं झालेली. त्या सभासदाची सही वर्षभर बंद राहिली.

अशा माणसाच्या हातून ती चूक झाली.

तलासरीकडच्या पाड्यांवर लोक कुडाची घरं सोडून विटांची बांधायला लागले होते, ज्याला जसं जमेल तसं. संघटनेने त्यांना एक साधा नमुना नकाशा फुकट द्यावा, असं सरांच्या मनात आलं. एक मोठी खोली, पडवी, चुलीची जागा. काढला मीच. कोपऱ्यातल्या त्या दोन ओळींपाशी मी अडले. "सर, इथे काय लिहू? जागा कुठली?"

ते हसले. "अगं, सगळ्याच जागा. राहू दे कोरं." आणि सही केली. संघटनेचा शिक्का बसला, झेरॉक्स पाड्यापाड्यावर गेल्या, सरांचा सत्कारही झाला.

पुढे काही वर्षांनी जमीन हलायला लागली. पहिल्यांदा वाटलं, कुठे सुरुंग लावला असेल. मग धक्के येतच राहिले. सरांनी तो नकाशा टेबलावर पसरला आणि बराच वेळ बघत बसले. दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधून घेणारा काँक्रीटचा पट्टा त्यात नव्हताच. म्हणाले, "सुजाता, हा मागे घ्यायचा. लोकांना घरोघर जाऊन सांगायचं, आणि माझं नाव घेऊन."

कार्यकारिणीत विषय मांडताच मंडळी चपापली. उपाध्यक्ष म्हणाले, "सर, शिक्का संघटनेचा आहे. आज मागे घेतला की उद्या सगळ्यांच्या दारात पोलीस. वार्षिक सभेत बघू ना, घाई कशाला?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी संघटनेची चिटणीस होते आणि नकाशाही माझ्याच हातचा होता. मी मिठाची गुळणी धरून बसले. वहीत लिहिलं, विषय पुढील सभेत घ्यावा. संघटना फुटू नये म्हणून सरांनीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि मी माझ्या गप्प बसण्याबद्दल.

सभेला महिना उरला असताना एका दुपारी धक्का बसला आणि देवजी नावाच्या शेतकऱ्याच्या घराची भिंत पडली. त्याची बायको सोमी त्या भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. ती गेली. आम्ही पोचलो तेव्हा विटांच्या ढिगाशेजारी त्यांचं जुनं कुडाचं घर उभं होतं. त्यात आता बैल बांधत. त्याच्या कुडातली कारवीची एक काठीसुद्धा निसटली नव्हती. सरांनी सवयीने उरलेल्या भिंतीकडे हात नेला आणि तसाच खाली घेतला.

देवजी म्हणाला, "आमचाच काय तरी चुकला असंल, साहेब. माल कमी पडला असंल."

"नाही रे," सर म्हणाले. "तू घर नीट बांधलंस. कागद चुकीचा होता. तो कागद माझा."



सरांनी राजीनामा दिला. संघटनेने तो दोन ओळींत मंजूर केला आणि नकाशा मागे घेण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. सर एकटेच स्कूटरवरून अच्छाडपर्यंतचे पाडे फिरू लागले. त्या नकाशावरून बांधलेलं प्रत्येक घर शोधायचे, भिंत वाजवायचे, धोक्याची असली तर गवंड्यासोबत उभं राहून ती उतरवून घ्यायचे. काहींनी हाकलून दिलं. एकदा मी सोबत गेले होते, तेव्हा एक म्हातारी त्यांना म्हणाली, "पयले बांद म्हनलास, आता पाड म्हनतोस. तुझं डोकं ठिकाणावर हाय का?" "तुझं खरं आहे, बाई," सर म्हणाले, आणि उन्हात उभे राहिले. मला मात्र त्यांनी कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

असं फिरता फिरताच त्यांचं हृदय थकलं आणि गेल्या पावसाळ्यानंतर ते गेले.

संघटनेने शोकसभा ठेवली. सरांच्या फोटोशेजारी तोच नकाशा फ्रेम करून लावला होता, हार घालून. कोपऱ्यातल्या दोन ओळी कोऱ्याच होत्या. जुने उपाध्यक्ष आता अध्यक्ष होते. मागच्या रांगेत देवजी दिसला तसं, तो कोण हे न विचारताच ते म्हणाले, पाड्यावरून या नकाशाचे एक लाभार्थी आलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत.

देवजी उठला. "मना भाषण नाय येत. साहेब पाच डाव आला माझे घरी. ज्या कागदानं बायको गेली, तो फाडून टाक, दुसऱ्याला दिऊ नको, असा सांगून गेला. मी फाडला. तुमी त्याला हार घातलाव."

मी उठले, फ्रेम उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. चिटणीस अजून मीच होते. मग इतिवृत्ताच्या वहीत शोकप्रस्तावाखाली लिहिलं: संघटनेचा नमुना नकाशा आजपासून रद्द, तसं प्रत्येक पाड्यावर कळवावं. सूचक म्हणून सरांचं नाव घातलं. अनुमोदन कोणाचं, असं मोठ्याने विचारलं. सभासद आपापल्या चपलांकडे बघत राहिले.

मागून देवजीने हात वर केला. तो सभासद नव्हता. मी त्याचं नाव लिहिलं.