कोपरा वळेपर्यंत

विमानाला निघायच्या दिवशीही आप्पांनी मला सुट्टी दिली नाही. आप्पा म्हणजे आम्हा भावंडांचे वडील, अंबरनाथच्या आमच्या बँडचे मास्तर. उल्हासनगरला वरात होती. बॅग जनरेटरच्या हातगाडीवर आणि मी सोनेरी झालरीच्या लाल कोटात, गळ्यात सॅक्सोफोन. जर्मनीत, कोलोनला प्रयोगशील जॅझच्या ग्रुपमध्ये जागा मिळालीय, हे सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं होतं, "तिकडे वरातीला घोडा असतो का?"

वाटेत एका घरी सकाळीच माणूस गेला होता. आप्पांनी हात वर केला. अशा दारावरून आमचा बँड मुका जातो, पण थांबत नाही. बोटं चालू, फुंकर चालू, फक्त सूर बाहेर काढायचा नाही. म्हणजे कोपरा वळला की सगळे एकाच जागी गाणं उचलतात. नवरदेवाचे मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्टर, सेल खतम हो गया क्या?"

कोपऱ्यावर गाणं उचललं आणि तिथूनच मी रिक्षात बसलो. कोट परत करायचा राहिला.

कोलोनला आम्ही आठ जण. चाल नाही, ठेका नाही. ज्या सुरांवर आप्पा डोळे वटारायचे, त्यांवर इथे लोक माना डोलावत. माझ्यासारख्याला स्वर्गच. पण ग्रुपचा म्होरक्या क्लाउस, त्याला माझ्याकडून काहीतरी भारतीय हवं होतं. कुर्ताही आणून ठेवलेला. मला जेवढं जर्मन यायचं, तेवढंच शास्त्रीय संगीत यायचं. तालमीत मी ती मुकी चाल वाजवली: नुसती हवा आणि चाव्यांची टकटक.

"यात भारत कुठाय?"

"अंबरनाथ आहे," मी म्हणालो. "हेच वाजवीन. नको असेल तर सात जण वाजवा."

एवढं बोलून घरी गेलो आणि घाबरून दोनदा जेवलो.

कार्यक्रमात लाल कोट घालूनच उभा राहिलो. पोटावरची बटणं लागली नाहीत. हॉल गप्प होऊन ऐकत राहिला, आणि क्लाउसने कुर्ता घडी करून ठेवला.

खरी धाकधूक आप्पांची होती. हे त्यांना वाजवणं वाटलं नाही, तर मी नुसताच पळून आलेला ठरणार होतो. त्या कार्यक्रमाची सीडी पाठवली. फोनवर म्हणाले, "खराब आहे रे. नुसता वारा येतोय."

"वारा नाही, आप्पा. मयताच्या दारावरनं चाललोय."

मागे सीडी पुन्हा लावलेली ऐकू आली.

"चाललायस बरा. पण कोपरा कधी येतो?"

"येत नाही. तिथेच संपतं."

"मग लोकांनी काय दारातच उभं राहायचं? गाणं उचल की."

पुढच्या कार्यक्रमात उचललं. तेच, वरातीतलं, दणक्यात. क्लाउसचा चेहरा त्या मामांसारखा झाला. "हे तर लग्नातलं आहे," तो म्हणाला. म्हटलं, मीही तिथलाच आहे.

भावंडांनो, तुम्ही कोणी बदलापूरला गेलात, कोणी वांगणीला, एक जण थेट दुबईला. अजून फोनवर विचारता, घर सोडून काय मिळवलंस? सोडलंय कुणी? माझा आवाज तिथवर येत नाही, एवढंच. बोटं चालू आहेत.