मोहिमेवरचा राजा

"एक होता राजा," असं म्हणून पोलादपूरच्या काकी पोळपाटावर लाटणं टक् करून आपटायच्या आणि लगेच सांगून टाकायच्या, "पण तो मोहिमेवर हाय."

महाडच्या आमच्या गल्लीत चैत्रात गच्चीवर पापड लाटायला बसलं की गोष्ट काकींची. उडती घोडी, बोलणारे मासे, सावित्री नदीच्या डोहातला राक्षसिणीचा वाडा, सगळं यायचं. राजा तेवढा यायचा नाही. राणी एकटीच राज्य हाकायची, राक्षस मारायची आणि हात धुऊन कुरडया घालायची.

"काकी, राजा परत कधी येतो?" पोरं विचारायची.

"मोहीम लांबली रे. पापड वाळत घाल."

काकींच्या नवऱ्याने मुंबईकडे दुसरं घर केलं होतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. काकी म्हणायच्या, "कामावर हाय, सुट्टी नाय मिळत," आणि आम्ही माना डोलवायचो. टाकलेली बाई म्हटलं की हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. काकींना हळदीकुंकू जिवापाड प्रिय, आणि तिथली आंब्याची डाळ त्याहून. म्हणून सगळ्या मिळून आम्ही त्या माणसाची नोकरी टिकवून होतो. तुमच्याही गल्लीत असा एखादा राजा असेल, बघा.

एका चैत्रात समोरच्या वहिनींकडे हळदीकुंकू होतं. काकींसमोर येऊन वहिनींनी कुंकवाचं बोट उचललं, तसंच धरलं आणि गोड आवाजात विचारलं, "काय हो काकी, काका यंदा तरी येणार का?"

पन्ह्याचे पेले हातातच राहिले. लाटणं नव्हतं म्हणून काकींनी वाटीवर चमचा टक् करून आपटला.

"राजा मोहिमेवर नाय गो. डोंबिवलीला हाय, दुसऱ्या राणीकडं. आता कुंकू लावतेस का हात खाली घेतेस? माझी डाळ राहिली हाय."

कोणीतरी फिसकन हसलं, मग मी, मग सगळ्याच. वहिनी मात्र गडबडल्या. "लावते," म्हणाल्या, आणि कुंकू कपाळभर झालं. काकींनी डाळ दोनदा मागून घेतली. मला त्या दिवशी काकी फार फार आवडल्या.

बोलावणं काही बंद झालं नाही. पुढच्या वर्षी तर वहिनी स्वतः त्यांना घरी न्यायला आल्या. आणि गोष्टीतला राजा त्यानंतर उघड उघड डोंबिवलीला राहू लागला.

गेल्या दिवाळीनंतर काकी गेल्या. यंदा गच्चीवर पापडांना बसलो, तर पोरांनी गोष्ट माझ्याकडे मागितली. मी आपली सुरुवात केली.

"राजा कुठं असतो?" एका पोरीने विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मोहिमेवर."

समोरच्या वहिनींनी लाटणं टक् करून आपटलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"खरं सांग गो," त्या म्हणाल्या.