रूम माइकमधला आवाज

"ड्रम थांबले की कुणीतरी बोलतंय," मी एल्टनला फोनवर सांगितलं.

"सर, घरात कोण असणार? मम्मी गेल्यापासून कुलूप आहे."

एल्टन एका हार्ड रॉक बँडचा गायक. त्यांचा पहिला अल्बम मी तुळिंजच्या माझ्या स्टुडिओत मिक्स करत होतो. गिटार आणि गाणं इथेच झालं, पण ड्रम भुईगावला, एल्टनच्या कौलारू घरात वाजवले. उंच छपराखाली ड्रम जसा घुमतो तसा माझ्या खुराड्यात घुमत नाही. तो घुमारा पकडायला ड्रमपासून लांब एक माइक ठेवतात, त्याला रूम माइक म्हणतात. कुजबुज फक्त त्यातच होती.

आधी मी केबलला दोष दिला, मग शेजारच्या टीव्हीला. शेवटी आवाज थोडा वाढवला. पुरुषाचा आवाज, एकच वाक्य. मग शांतता. पुन्हा तेच वाक्य. मधली शांतता दर वेळी तेवढीच, जणू तिथे दुसरं कुणीतरी बोलत होतं आणि ते आपल्याला ऐकू येत नव्हतं. बाकीच्या दिवसांचं रेकॉर्डिंगही तपासलं. रोज संध्याकाळी सातलाच.

एल्टन आला, त्याने हेडफोन लावले आणि त्याचा चेहरा उतरला.

"ही रोजरी आहे, सर. आमची संध्याकाळची प्रार्थना. एकाने अर्धी म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. घरात पहिली अर्धी मम्मी म्हणायची. इथे नुसतं उत्तर आहे."

"मग पहिली अर्धी कोण म्हणतंय?"

त्याने हेडफोन काढले. म्हणाला, "काढून टाका."

काढता येईना. कुजबुज पुसली की झांजा पत्र्यासारख्या वाजायच्या. पुन्हा वाजवणं हाच उपाय होता आणि हातात चार दिवस होते. त्यानंतर घर पाडून तिथे बंगला बांधायचा होता. एल्टनच्या वडिलांनी एक शब्द न बोलता सही केली होती. ते आता एल्टनच्या नायगावच्या फ्लॅटमध्ये राहत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही भुईगावला मांडामांड केली. सातला मी हात वर करून ड्रमरला थांबवलं. कुजबुज आली, पण या वेळी हेडफोनमधून नाही. स्वयंपाकघराच्या बंद दारामागून. ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या आणि तो माझ्यामागे येऊन उभा राहिला. एल्टनने दार ढकललं.

आत, क्रूस ठेवलेल्या घरच्या वेदीसमोर, त्याचे वडील बसले होते. वाडीकडचं मागचं दार उघडं होतं. समुद्रावर फिरायला जातो, असं घरी सांगून ते रोज इथे येत होते. कानाने अधू, त्यामुळे आमच्या ड्रमचा त्यांना त्रास नव्हता. आपली अर्धी म्हणायचे, बायकोची अर्धी होईपर्यंत थांबायचे, मग पुढे.

"पप्पा, मला का नाही सांगितलं?" एल्टन जवळजवळ ओरडलाच.

"काय सांगू?" ते शांतपणे म्हणाले. "तुझ्या फ्लॅटमध्ये ती बोलत नाही."

एल्टन त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. पुढची शांतता आली तेव्हा त्याने आईची अर्धी म्हटली, वडिलांच्या कानाशी, मोठ्याने. म्हाताऱ्याने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि मग उत्तर दिलं. मला रडू आलं, हे कबूल करतो. रेकॉर्डिंग चालू होतं, ते मी बंद केलं.

बंगला रद्द झाला. अल्बममध्ये जुनंच रेकॉर्डिंग गेलं, कुजबुजीसकट. काही श्रोत्यांनी ती उलटी वाजवून त्यात सैतान शोधला. एकाने लिहिलं, हा भीती घालायचा स्वस्त चाळा आहे. मधल्या शांततेचा आवाज पूर्ण वाढवून काय ऐकू येतं, ते पाहायची मला मात्र अजून हिंमत झालेली नाही.

नॉइज म्हणजे नको असलेला आवाज, असं मी शिकाऊ मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो. आता त्यात एक भर घालतो: पुसण्याआधी तो नक्की कुणाला नको आहे, ते विचारून घ्या.