जोडी मोजायची नाही

आमच्या मळ्याच्या धुऱ्याला लागूनच तलाव होता. हिवाळ्यात त्यावर इतकी पाखरं उतरायची, की वांगी तोडताना आम्हा मायलेकींना एकमेकींशी ओरडून बोलावं लागे. ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी असेन दहा-अकरा वर्षांची.

गावच्या शाळेत नवे गुरुजी आले होते, त्यांना पाखरांचा भारी नाद. पौषात एक दिवस मळ्यात आले अन् मायला म्हणाले, "रविवारी सकाळी सारं गाव मिळून पाखरं मोजायची. हा काठ तुमच्याकडे."

"मोजून काय करता गुरुजी? भाजी करता का त्याहीची?"

"नाही हो बाई. दरसाल मोजली, तर कमी येतात की जास्त ते कळेल."

"आमाले तं विसाच्या वर मोजता येत नाई."

त्यावर गुरुजींनी तोड काढली. ओच्यात चिंचोके घ्यायचे. पाखरू दिसलं की एक चिंचोका मडक्यात टाकायचा. मडकं ते मोजतील.

ते गेल्यावर मायनं मला बजावलं, "बाकीचे मोज. जोडी मोजू नोको."

जोडी म्हणजे दोन मोठी, भगव्या रंगाची बदकं. गुरुजी त्यांना चक्रवाक म्हणत. आमच्याकडे लेकरं मोजत नाहीत, वेलीवरचे दोडके मोजत नाहीत. मोजलं की दृष्ट लागते, पाखरू मोजलं तर ते पुन्हा येत नाही, असं माय सांगे. बगळे अन् पाणकोंबड्यांचं तिला काही नव्हतं. पण जोडी उतरली की ती खुरपं खाली ठेवी, "आले बाई माहे पाहुणे" म्हणे, अन् तो सारा दिवस मला एकही बोलणं बसत नसे.

रविवारी धुई होती. काठाकाठानं माणसं उकिडवी बसलेली, शेकोटी नाही, बोलणं नाही. माय पलीकडच्या बांधावर होती. धुई उठली तशी बदकं दिसू लागली अन् माझा हात चालू झाला. टप, टप, टप. हाताला चाल लागली होती हो! तेवढ्यात जोडी येऊन माझ्या पुढ्यातच उतरली. टप, टप. हात थांबायच्या आधी दोन चिंचोके मडक्यात गेले होते.

मी लगेच दोन चिंचोके काढून पाण्यात फेकले. पण मोजलं ते मोजलंच ना?

मग पिंपळाखाली गुरुजींनी सगळी मडकी मोजली अन् विचारलं, "चक्रवाकांची जोडी कोणाच्या मडक्यात आहे?"

म्हातारा कोतवाल म्हणाला, "कोनती जोडी?"

नेमकी तेव्हाच ती दोघं मागून ओरडली. गुरुजींनी तलावाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.

"मले तं नाई दिसली बाप्पा," कोतवाल म्हणाला. बायांनी पदर तोंडाला लावले.

"बरं," गुरुजी हसून म्हणाले, "मलाही नाही दिसली." अन् वही मिटली. साऱ्या गावानं जोडी सोडली होती. मोजली होती ती मी एकटीनं.

शिमग्याला पाखरं गेली. पुढच्या हिवाळ्यात बाकीची आली, जोडी आली नाही. माय रोज सकाळी धुऱ्यावर उभी राही अन् म्हणे, "येतीन." मला घास गोड लागेना. कार्तिक सरला, तेव्हा वांग्याच्या सरीत बसून मी सगळं सांगून टाकलं.

मायचं खुरपं थांबलं. मग ती म्हणाली, "तुले घरातल्या भाकरी धड मोजता येत नाईत. तुह्या मोजन्यानं कोनाचं काय होते वं? खुरप." पण त्या दिवशी ती धुऱ्यावर दोनदा जाऊन आली.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी मेथी उपटत होते, तर डोक्यावरून तो आवाज गेला. मी वर पाहिलंच नाही, मायकडे पाहिलं. तिनं खुरपं खाली ठेवलं होतं.

त्या पौषात पुन्हा मोजणी झाली. या वेळी माय माझ्या शेजारी येऊन बसली. जोडी पुढ्यात आली, तसा तिनं माझा उजवा हात धरला, अन् ती दोघं लव्हाळ्याआड जाईपर्यंत सोडला नाही.