भट्टीमामांची काक्षी

भट्टीमामांना लाल रंगाचं कौतुक नव्हतं. कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत त्यांचं सारं आयुष्य भट्टीपुढे गेलं. डोळ्यांसमोर निळी काच धरून ते वितळलेल्या लोखंडाचा रंग बघायचे आणि "दम धरा" किंवा "वता आता" एवढंच म्हणायचे. तापमान मोजायचं यंत्र घेऊन मी तिथं साहेब म्हणून रुजू झालो, पण माझा आकडा येईपर्यंत मामांचा निकाल लागलेला असे.

मला आकाश बघायचा नाद. थंडीत पाळी सुटल्यावर बसची वाट बघताना मी त्यांना मृग नक्षत्रातली काक्षी ही तांबडी तारका दाखवली. "बघा मामा, कशी लाल धगधगतेय!"

मामा हसले. "सायेब, लाल म्हंजे ताव उतरलेला. खरा ताव असतो तवा पांढरं दिसतं."

बरोबर होतं त्यांचं, आणि मी पुस्तकं वाचलेला माणूस ओशाळलो. मग ऐट सांभाळायला सगळं सांगितलं. गाभ्यातलं जळण सरत आलं की असा तारा फुगतो, वरून निवतो, तांबडा होतो. काक्षी सूर्याच्या जागी ठेवली तर पृथ्वीसुद्धा तिच्या पोटात जाईल. आणि एक दिवस ती फुटेल.

"जळण सरल्यावर फुगती? आमच्यात माणूस वाळतो की!"

तेव्हापासून रोज एकच प्रश्न. "कशी हाय आज? माझी नजर भट्टीनं खाल्ली. तुमी सांगा, पर खरं सांगा." एका हिवाळ्यात ती फार मंदावली, तर मामांचं जेवणात लक्ष लागेना. ती पुन्हा उजळली त्या दिवशी त्यांनी सगळ्या पाळीला भडंग वाटलं.

निवृत्तीनंतर वर्षभरात मामांच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग तोंड. जूनमध्ये कोल्हापूरच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलीनं दारातच हात जोडले. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण ते मामांना सांगायचं नव्हतं. मी आत जाऊन हसून म्हणालो, "चेहऱ्यावर लाली आलीय मामा. आठवड्यात घरी जाल."

मामांनी विचारलं, "काक्षी कशी हाय?"

"झकास. कालच बघितली."

मामा माझ्याकडं बघत राहिले. भट्टीकडं बघायचे तसेच. "सायेब, मिरगाचा पाऊस लागलाय. सूर्य तिच्यापाशी हाय. ह्या दिसांत ती दिसत न्हाय, तुमीच शिकवलंय की." हळूच म्हणाले, "मग माझंबी असंच सांगाय लागलाय व्हय?"

मला खोटं रेटता आलं नाही. त्यांचा सुजलेला हात धरून मी रडलो.

"बरं झालं," ते म्हणाले. "पोरीला आत बोलवा. तिला एकटीलाच वझं झालंय."

चौथ्या दिवशी मामा गेले. "खरं सांगा" म्हणणाऱ्या माणसाशी मी शेवटी खोटं बोललो, हे मनातून जात नाही.

थंडीत काक्षी पूर्वेला पुन्हा दिसू लागली. बसथांब्यावर शेजारी कुणी विचारणारं नव्हतं. तरी मी नीट निरखून बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, "आज जरा मंद आहे, मामा."