जावळाआधी पातं नको म्हणे

आमच्या नातीची उजवी किडनी जन्मापासूनच फुगलेली. किडनीतून लघवी खाली आणणारी नळी वरच्या तोंडाशी अरुंद, म्हणून लघवी आत तुंबायची. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सगळ्यांना समजावलं. अरुंद तेवढा तुकडा कापायचा आणि नळी पुन्हा जोडायची. उशीर केलात तर किडनी कामातून जाईल. आता यात न कळण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

पण आमचं घर थेरगावातलं जुनं. आमचे मालक, म्हणजे पोरीचे आजोबा, म्हणाले, "जावळ झाल्याबिगर लेकराच्या अंगाला पातं लावायचं न्हाई. आपल्यात चालत न्हाई." आणि जावळ कधी, तर चैत्रात, देवाच्या जत्रेत. तेव्हा दिवाळीसुद्धा आली नव्हती.

मुलगा कंपनीत एवढाल्या मशिनी चालवतो, पण बापापुढं तोंड उघडेना. सून कोपऱ्यात रडायची. पोर तापानं फणफणायचं आणि ताप उतरला की हे म्हणायचे, "बघ, हसतीय की. कुठं दुखतंय तिला?"

माझ्या अंगाची नुसती आग व्हायची. म्हटलं, "तुमचा मुतखडा काढला तवा कुठल्या देवाला इचारलं होतं?"

"माझं जावळ झालंय की," हे म्हणाले. अगदी शांतपणे.

पुन्हा ताप चढला तेव्हा मी कुणाला विचारलंच नाही. सुनेचा भाऊ चाकणला कामाला असतो, त्याला फोन केला. "शिफ्ट सुटली की घरी जाऊ नको, थेट इकडं ये. भाचीला मामाची मांडी पाहिजे." तो कंपनीच्या कपड्यातच आला. डांगे चौकातून न्हावी बोलावला, नारळ फोडला, आणि बाहेरच्या खोलीत मामाच्या मांडीवर पोरीचं जावळ उरकलं.

हे दारात उभे. "देव कोपला म्हंजे?"

"त्याला मी बघते. तुमी दवाखान्याची पिशवी उचला."

ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडनी निम्मीच काम करतेय, गेलेलं परत यायचं नाही. आधी यायला हवं होतं.

आणि हे आता येईल त्याला सांगतात, "देवाच्या कृपेनं सगळं येळेत झालं." परवा पाहुण्यांपुढं परत तेच. मी चहाचा ट्रे ठेवला आणि म्हटलं, "येळेत न्हाई झालं. तुमच्यापायी पोरीची निम्मी किडनी गेली."

पाहुणे कपात बघत बसले. बसू देत.